पहाटेचं औषध

बागेच्या मुकादमाला एका गोष्टीचा फार अभिमान होता. त्याच्या बागेत फिरायला येणाऱ्यांना कधी धूर दिसत नसे. दिवसभर गोळा केलेला पाचोळा तो पहाटे पाचला पेटवी आणि सातला फाटक उघडेपर्यंत राख झाडून मोकळा होई. लोकांची काळजी घेणारा माणूस, अशी त्याची स्वतःबद्दल समजूत होती. बागेसमोरच्या बसडेपोच्या धुराविरुद्ध त्याने दोन अर्जही केले होते. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय!

शहर डोंगरांनी चहूबाजूंनी वेढलेलं, वाटीच्या तळाशी बसल्यासारखं. बाग तर अगदी तळाला, ओढ्याच्या काठी. मुकादमाचे वडील म्हणजे पायी हिंडून टपाल वाटत म्हातारा झालेला माणूस. पावसाळ्यात त्यांची छाती ठणठणीत असे. थंडी पडली की खोकला सुरू होई.

"बाबा, पहाटेची हवा म्हणजे औषध," मुकादम रोज सांगे. "घरात बसाल तर छाती आणखी धरेल."

म्हातारा निमूटपणे मफलर गुंडाळून सहाला ओढ्याकाठी निघे.

"अहो, मामंजी फिरून आले की जास्त खोकतात," बायको म्हणाली.

"तू डॉक्टर कधी झालीस?"

पुढे डॉक्टरांनी गोळी वाढवली, मुकादमाने फेरी वाढवली. एकाच्या दोन केल्या.

एकदा बागेचं पाणी दोन दिवस बंद होतं. पाचोळा पेटवून मुकादम तक्रार घेऊन डोंगरावरच्या टाकीकडे गेला. तिथल्या पंपावरच्या बाई नुसत्या साडीत बाहेर बसून चहा पीत होत्या. हा मात्र स्वेटर आणि कानटोपीत.

"बाई, थंडी वाजत नाही तुम्हाला?"

"काढा ती टोपी. इथं ऊब आहे."

त्याने टोपी काढली. खरंच ऊब होती.

"असं कसं? वर तर थंडी जास्त हवी."

"एरवी असते. हिवाळ्यात रात्री जमीन गारठते, तिच्यावरची हवाही गारठते. गार हवा जड, ती उतारावरून घरंगळत तळाला जाऊन बसते. वरची ही उबदार हवा म्हणजे तिच्यावरचं झाकण. ऊन चढेपर्यंत खालचं काही वर येत नाही. वीस वर्षं बघतेय मी. बघा की तुम्हीही."

मुकादमाने खाली पाहिलं. डेपोचा धूर होता, कारखान्याचा होता. पण सगळ्यांत दाट धूर बागेतून निघत होता. थोडा सरळ वर चढला, मग छताला डोकं आपटावं तसा अडला, वळला आणि ओढ्यावर पसरत गेला.

"रोज पहिला धूर तिथलाच," बाई म्हणाल्या. "कुणीतरी लोक उठायच्या आत उरकतो. त्याला वाटत असेल, गेला वर. जाणार कुठं? झाकण आहे ना! पानं एका खड्ड्यात टाकली तर आपोआप माती होतील. पण सांगणार कोण त्याला?"

पाण्याची तक्रार तशीच राहिली. उतरताना एका वळणावर थंडी एकदम अंगाला भिडली आणि तिच्यासोबत जळत्या पानांचा वासही आला. तो धावत सुटला.

ओढ्याकाठच्या दगडावर वडील छाती धरून बसले होते. दुसरी फेरी पुरी करायची राहिली होती.

इस्पितळात नाकाला नळी लागली. फुप्फुसं आता पूर्ववत होणार नाहीत, असं डॉक्टरांनी बाहेर बोलावून सांगितलं. मुकादम खाटेपाशी येऊन बसला.

"बाबा, तो धूर माझाच होता."

"ठाऊक होतं," म्हातारा थांबत थांबत म्हणाला. "तुझ्या शर्टाला रोज तोच वास येतो."

"मग बोलला का नाहीत?"

"इतक्या मायेनं पाठवायचास. औषध म्हणायचास. नको कसं म्हणू?"

मुकादम त्यांचा हात धरून रडला. पण रडून काय होणार होतं! थंडी सरण्याआधीच वडील गेले.

आज त्या बागेच्या कोपऱ्यात पाचोळ्याचे तीन खड्डे आहेत. हिवाळ्यात मुकादम फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहितो, 'हवा खाली अडली आहे. ऊन चढल्यावर फिरायला या.' कुणी हसतं, कुणी वाचून परत फिरतं. कुणी कुठं पाला पेटवताना दिसला की मुकादम त्याला डोंगरावर घेऊन जातो आणि टोपी काढायला सांगतो.

मंडळी, आपलं शहर वाटीत वसलंय की माळावर, हे आपण ठरवलेलं नाही. डोंगर सरकवता येत नाहीत, हिवाळा टाळता येत नाही. म्हणून तर जास्त जपायचं. चांगल्या मनाने केलेला धूरसुद्धा कुणाच्या तरी छातीतच उतरतो आणि ती छाती बहुधा आपल्याच घरातली असते. डोंगर आणि ऋतू आपल्या हातात नाहीत, पण आगपेटीतली काडी मात्र आपल्याच हातात असते.