कळकलेलं ताक

दिघाशीला चांगदेव पाटलांच्या अंगणात मुंगीलाही वाट मिळत नव्हती. गोडाऊनचा पाया खणताना हिरवागार हंडा निघाला होता, आणि तो कुठं निघणार हे आदल्याच दिवशी हिरामण महाराजांना स्वप्नात दिसलं होतं. महाराजांची स्वप्नं फार कामसू असत. हंडा पांडवांच्या काळच्या काशाचा, त्यात रात्रभर ठेवलेलं आंबट ताक प्यायलं की कावीळ पळते, असं ते सांगत आणि दानपेटी जवळ ओढत. ताक पिऊन माणसं भडभडा ओकत. महाराज म्हणत, "बघा, विष उतरतंय."

ताक वाढायची चांगदेवची बायको कमळ. तिच्या सात वर्षांच्या नातीला, पूर्वीला, कावीळच झाली होती आणि महाराजांनी दवाखान्याचं औषध बंद करायला लावलं होतं. पहिल्याच दिवशी ताकाचा हिरवट रंग पाहून कमळनं नवऱ्याला हळूच विचारलं, "बिनकल्हईच्या भांड्यान ताक कलकतं ना वो?"

"देवाचा भांडा हाय. गप ऱ्हा."

ती गप्प राहिली. घरच्या पितळीत कळकलेलं, हिरवट कडू झालेलं ताक ती उकिरड्यावर ओतायची. इथं मात्र नातीचं नाक दाबून तिनं ते पाजलं. पोटात आग पडते म्हणून पोर तिचा पदर ओढायची.

हंड्याचं मंदिर बांधायला चांगदेवला तो जुना असल्याचा कागद हवा होता. त्यानं भिवंडीच्या अण्णा मास्तरांच्या मुलीला, अदितीला बोलावलं. ती पुण्याच्या प्रयोगशाळेत प्राचीन तांब्या-काशाची तपासणी करायची. कानशीनं तिनं चिमूटभर कीस घेतला, पूर्वीकडे पाहिलं आणि हिला आत्ता इस्पितळात न्या म्हणाली. चांगदेवनं तिला धातूपुरतं बघायला सांगितलं. त्याच आठवड्यात पूर्वी गेली.

अदिती निकाल घेऊन आली तो पोरीचा दहावा होता. महाराज पेटीसकट पसार झाले होते. तिनं सगळ्यांसमोर सांगितलं की काशात तांब्याबरोबर कथील असतं, यात कथील नाहीच. चाळीस टक्के जस्त आहे, म्हणजे हे पितळ, तेही हल्लीचं. जुन्या भट्टीत जस्ताचा धूर होऊन जायचा, इतकं जस्त तांब्यात मुरतच नसे. हिरवा थर नवसागर लावून चढवला आणि हंडा खड्ड्यात पुरून ठेवला.

चांगदेव म्हणाला, "म्हंजे हंडा खोटा निंगाला. खरा जुना असता तं पोर वाचली असती ना?"

आणि माणसांनी माना डोलावल्या. अदितीला संताप आवरेना.

"पाच हजार वर्षांचा असता तरी मेलीच असती, काका. कासं असो की पितळ, आंबट लागलं की त्यातलं तांबं ताकात उतरतं. ताकाला भांड्याचं वय कळत नाही. तिचं यकृत काविळीनं आधीच कमजोर होतं, ते तुम्ही संपवलंत."

महिन्याभरात नारपोलीला दुसरा हंडा निघाला, म्हणे अस्सल. कमळ रिक्षानं तिथं गेली. रांगेत पिवळ्या डोळ्यांचं पोर कडेवर घेतलेली एक बाई होती. कमळनं तिचा हात धरला.

"घरान ह्यो कलकलेला ताक पोराला देशील?"

बाई गोंधळून नाही म्हणाली.

"मंग हितं कशाला देतंस? मी एकदाच इचारला, गप म्हनले, गप बसलू. माजी नात मेली. तू गप बसू नको. पोराला डाक्टरकडं ने."