सरकार हरत नसतं

आजोबांनी उभा जन्म वजनकाटे तपासण्यात घालवला. बाजारात ते निरीक्षक म्हणून फिरत. पारड्याच्या बुडाला चिकटवलेली मेणाची गोळी त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच दिसते, असं लोक म्हणायचे. खरं तर गोळी दिसत नसे. दुकानदाराचा चेहरा दिसायचा आणि गोळी त्या चेहऱ्यात असायची. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दरारा हा नोकरीतला एकमेव भत्ता असा, की जो अर्ज न करता मिळतो.

निवृत्त झाल्यावर ते लेकीकडे राहायला आले आणि तिथे, ऐन उतारवयात, स्वतःच काटा मारू लागले.

गिऱ्हाईक होती त्यांची सहा वर्षांची नात. घरात तिला 'सरकार' म्हणत. नाव आजोबांनीच ठेवलेलं. सरकार जेवलं का, सरकार रुसलं, सरकार झोपलंय, हळू बोला, अशा बातम्या दिवसभर चालायच्या. लेक दातांची डॉक्टर, जावई सतत फिरतीवर, त्यामुळे शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत सरकार चालवायचं काम आजोबांकडे. त्यांचं धोरण एकच होतं. सरकारला हरू द्यायचं नाही.

सापशिडीत त्यांची सोंगटी शिडीपाशी आली, की काट्यावरचा केस ओळखणाऱ्या या माणसाचं गणित एकाएकी कच्चं व्हायचं. पाच पडले तर सहा घरं मोजून ते आपल्या पायांनी सापाच्या तोंडात जायचे आणि वर 'अरेरे' म्हणायचे. पकडापकडीत हातभर अंतर राहिलं, की नेमका गुडघा धरायचा. सरकारला त्याची इतकी सवय झाली, की ते पळता पळता मध्येच थांबून मागे बघायचं, आजोबा येतायत ना म्हणून. लपाछपीत ते नेहमी बाहेरच्या खोलीतल्या पडद्यामागे लपायचं. पडदा जमिनीपासून चांगला वीतभर वर, खाली दोन पाय साफ दिसत. आजोबा त्या पायांना वळसा घालून साखरेच्या डब्यात शोधत, चपलेत शोधत, वर्तमानपत्र उलटून अग्रलेखाखाली शोधत. शेवटी 'हरलो बुवा' म्हटलं, की पडद्यातून खिदळणं बाहेर यायचं.

जिन्यातही तेच. शेवटची पायरी आली की आजोबा तिला काखेतून उचलून, मडकं ठेवावं तसं अलगद खाली ठेवायचे. का, तर पडेल.

मग शाळेला मोठी सुट्टी लागली आणि सरकार पहिल्यांदा इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत खेळायला गेलं.

तिथे मुलांचा एक घोळका रोज असायचा. म्होरकी होती तळमजल्यावरची एक मुलगी, वयानं चार-पाच वर्षं मोठी, सगळी तिला कॅप्टन म्हणत. पकडापकडी सुरू झाली. सरकार पळालं, सवयीनं मध्येच थांबलं आणि वळून बघू लागलं. मागून येणाऱ्या मुलाचा गुडघा काही दुखत नव्हता. त्यानं पाठीत धपाटा घालून सांगितलं, तुझ्यावर राज्य. सरकारनं साफ नकार दिला. माझ्यावर राज्य येतच नाही, असं सांगितलं आणि मग भोकाड पसरलं. राज्य घ्यायला नाही म्हणणारं सरकार जगाच्या पाठीवर हे पहिलंच असावं.

पोरं वाईट नव्हती. त्यांनी आपसात विचार केला आणि दुधखुळ्या भावंडांसाठी ठेवलेली सोय तिला दिली. कॅप्टननं जिन्यात आजोबांना गाठून ती बातमी अगदी अदबीनं कानावर घातली.

"आजोबा, ती आउट झाली की रडते. म्हणून आम्ही तिला कच्चं लिंबू केलंय."

कच्चं लिंबू म्हणजे खेळात आहे पण गणतीत नाही. त्याला पकडलं तरी पकडलं असं होत नाही. आजोबांना हे ठाऊक होतं, पण तेवढ्यात सरकार वर धावत आलं आणि अभिमानानं म्हणालं, "आजोबा, मी कच्चं लिंबू आहे. खालच्या अख्ख्या मुलांत मी एकटीच आहे." आजोबांनी तिचं अभिनंदन केलं. सापाच्या तोंडात जायला फासा लागतोच असं नाही.

चार दिवसांनी संध्याकाळी ते गॅलरीत चहा घेऊन बसले होते. खाली लपाछपी रंगली होती. सरकार पाण्याच्या टाकीच्या खांबामागे उभं होतं, डोळे गच्च मिटून. खांब हातभर रुंद. एका बाजूनं कोपर बाहेर, दुसऱ्या बाजूनं झग्याचा घेर. ज्याच्यावर राज्य होतं तो मुलगा तिच्या अगदी शेजारून गेला. त्यानं बघितलं, आणि पुढे गेला. बाकीची सगळी सापडली, भांडली, कोण आधी दिसलं यावर शपथा झाल्या. मग कुणाच्या तरी आईनं हाक मारली आणि घोळका पांगला. शेवटी कॅप्टन चेंडू काखोटीला मारून घरी गेली.

सरकार खांबामागेच होतं. डोळे मिटलेले. ओठ दाबून हसू आवरत होतं.

आजोबांना हाक मारायची होती, पण काय म्हणून मारणार? तुला कुणी शोधतच नाहीये, असं सहाव्या वर्षी माणसाला कसं सांगतात, ते त्यांना कुठल्याही खात्यानं शिकवलं नव्हतं. अंधारू लागलं तेव्हा ती आपणहून वर आली. गाल लाल झाले होते.

"आजोबा, मी जिंकले. कुणालाच सापडले नाही."

"वा," आजोबा म्हणाले. तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत खोटा शब्द होता.

त्यांना एक जुना धान्यवाला आठवला. त्याचा काटा खोटा होता, पण उलट्या बाजूनं. गिऱ्हाईकाला किलोमागे मूठभर जास्तच जायचं. साहेब, लेकुरवाळी माणसं येतात, माझ्या हातून तेवढंच पुण्य, असं तो म्हणाला होता. तरुण निरीक्षकानं तो काटा जप्त केला होता. खोटा तो खोटा, कुणाच्याही बाजूनं झुकला तरी, असं भर बाजारात सुनावलंही होतं. आता तो धान्यवाला चहाच्या कपाआडून त्यांच्याकडे बघत होता. तो हसला असता तरी चाललं असतं, पण तो नुसताच बघत होता.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी सापशिडी काढली. ठरलं होतं, पाच पडले तर पाच. पण फाशाला या सुधारणेची कल्पना नसावी. पहिल्या डावात त्यांना एकामागून एक साप चावले. दुसऱ्यात तर बिचारे पहिल्या ओळीतून वर सरकेनात. इतक्या वर्षांच्या लबाडीत ते एवढे सफाईनं कधी हरले नव्हते. तिसऱ्या डावात मात्र एक लांबलचक शिडी लागली आणि आजोबा शंभराच्या घरात जाऊन बसले.

सरकारनं पट बघितला, सोंगटी बघितली, मग आजोबांकडे बघितलं.

"आजोबा, तू लबाड आहेस."

साऱ्या हयातीत त्यांना एकेरीत बोलणारं हे एकच माणूस होतं. आणि नेमका आज, जेव्हा काटा पहिल्यांदा सरळ होता, तेव्हा हा शिक्का बसला. पट भिंतीवर आपटला, फासा सोफ्याखाली गेला, आणि सरकारनं आजोबांशी कट्टी जाहीर केली.

संध्याकाळी लेक घरी आली. दिवसभर लोकांना 'आ करा' सांगून आल्यावर ती फारशी बोलत नसे, पण फुरंगटलेली पोर दिसल्यावर बोलणं भाग पडलं.

"एवढ्याशा पोरीला हरवून काय मिळवलंत, बाबा?"

आजोबांनी खांबाची गोष्ट सांगितली. कोपराची, झग्याच्या घेराची, शेजारून गेलेल्या मुलाची. लेक ऐकत कप विसळत राहिली. कप स्वच्छ झाला होता तरी विसळत होती.

"मला नाही कधी हरवलंत तुम्ही," ती म्हणाली.

आजोबांना वाटलं, ही आपली बाजू घेतेय.

"खेळलातच कुठे," तिनं वाक्य पुरं केलं. रागानं नाही. आज पाणी कमी आलंय, असं सांगावं तशा आवाजात. कप पालथा घालून ती हात पुसत निघून गेली.

आजोबा तिथेच उभे राहिले. लेक लहान असताना ते बाजारातून बाजारात फिरत होते, परक्यांच्या घरी धान्य नीट मोजून जावं म्हणून. घरी आले की दमलेले असत, आणि दारामागे कुणी लपलंय का हे बघायचं राहून जायचं. किती वेळा राहिलं असेल, ते आता मोजता येणार नव्हतं. नातीच्या पारड्यात ते मूठमूठ टाकत होते ती कुणाच्या वाटणीची, एवढं मात्र कळलं.

कट्टी सुटल्यावर लपाछपी झाली. सरकार पडद्यामागे गेलं. आजोबा सरळ गेले आणि पडदा बाजूला केला.

"सापडलं."

सरकारनं पडदा परत ओढला. "तू इथे बघायचं नसतं."

"का?"

"इथे मी असते."

रडारड झाली, आजोबांनी ती ऐकून घेतली. मांडीवर ओढून घेण्यासाठी हात दोनदा पुढे झाले, दोनदा त्यांनी ते मागे घेतले. सरकारनं नाक पुसलं आणि राज्य घेतलं. भिंतीकडे तोंड करून ते आकडे मोजू लागलं आणि आजोबा कपाटाच्या खाचेत जाऊन उभे राहिले. बोटांच्या फटीतून बघून सरकारनं पहिल्याच फेरीत त्यांना पकडलं. ही लबाडी तिची ती शिकली होती, तिचं श्रेय आजोबांना नव्हतं. आजोबांनी पुन्हा मोजायला लावलं.

पुढच्या दिवसांत पडदा सुटला. सरकार पलंगाखाली गेलं, पाय पोटाशी घ्यायला शिकलं, श्वास धरायला शिकलं. जिन्यात आजोबांनी शेवटच्या पायरीवरून उचलायचं थांबवलं. पहिल्या उडीत गुडघा फुटला. रडायचं की नाही, हे ठरवण्यासाठी सरकारनं आजोबांच्या चेहऱ्याकडे बघितलं. आजोबा मोठ्या आस्थेनं भिंतीवरचा वीजमीटर वाचत होते. तेव्हा सरकार उठलं आणि पुन्हा वर चढलं. पुढच्या वेळी हात आधी टेकले. आजोबांनी त्या दिवशी मीटर इतक्यांदा वाचला, की शेजाऱ्यांना वाटलं बिल वादग्रस्त आहे.

एका संध्याकाळी सरकार म्हणालं, मी खाली जाते. आजोबा गॅलरीत आले. खाली कॅप्टननं तिला बघून नेहमीच्या उदारपणे सांगितलं, ये, तू कच्चं लिंबू.

"नको. मला पक्कं करा."

"आणि रडलीस तर?"

"रडेन," सरकार म्हणालं, "पण राज्य घेईन."

कॅप्टननं विचार केला. मागण्यांमध्ये ही जरा वेगळी होती. मंजूर झाली.

सरकार पळालं. या वेळी मध्ये थांबलं नाही, टाकीला वळसा घालून चांगलं दमवलं, पण शेवटी सापडलंच. पाठीत धपाटा बसला. खालचा ओठ पुढे आला आणि नजर वर गॅलरीकडे गेली. आजोबांचं एक पाऊल दाराकडे वळलंही होतं. खाली जावं, उचलावं, पोरांना दोन शब्द सुनवावेत. त्यांनी ते पाऊल मागे घेतलं आणि मुकाट्यानं दाराच्या पडद्याआड सरकले. वाईट होता तो क्षण. आत उभं राहून माया आवरणं त्यांना फार अवघड गेलं.

थोड्या वेळानं त्यांनी फटीतून बघितलं. सरकार रडत होतं. रडत रडत ते कुणाच्या तरी मागे धावत होतं, आणि सगळी पोरं जिवाच्या आकांतानं पळत होती. तिला बघून खरोखर पळत होती.

लेकीच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी आजोबांनी सापशिडी मांडली. सरकार खिडकीत बसून गुडघ्याची खपली काढत होतं. आजोबांनी लेकीला विचारलं, खेळतेस का. बराच वेळ लागला ते विचारायला. आधी त्यांनी हवेबद्दल विचारलं, मग दवाखान्याबद्दल. लेकीनं पटाकडे बघितलं, आणि येऊन समोर बसली.

डाव रंगला नाही. आजोबांना सापामागून साप. लेक वरच्या ओळीत पोचली, तिला पाच पडले. तिनं सहा घरं मोजली आणि सोंगटी सापाच्या तोंडात ठेवली.

"अरेरे," ती म्हणाली.

आजोबांनी तिचा चेहरा बघितला. गोळी तिथेच होती. मायेनं चिकटवलेली, सफाईदार, घराण्यातली. कच्चं लिंबू होणं आतून कसं लागतं, ते त्यांना त्या क्षणी कळलं, आणि ही माया आपण कमावलेली नाही हेही कळलं.

"आई, पाच पडले होते," खिडकीतून आवाज आला. "मागे घे. नीट मोज."

लेक आजोबांकडे बघू लागली.

"सरकार बरोबर बोलतंय," आजोबा म्हणाले. "मागे घे."

तिनं सोंगटी मागे घेतली. दोन फाशांत ती जिंकली आणि आजोबा हरले, या घरात बहुधा पहिल्यांदाच मनापासून.

"आजोबा, रडायचं तर रड," सरकारनं परवानगी दिली.

"अजून एक डाव?" लेकीनं विचारलं.

आजोबांनी लगेच हो म्हटलं नाही. जुन्या सवयीनं त्यांनी आधी तिचा चेहरा तपासला, अगदी बारकाईनं. त्यात या वेळी गोळी नव्हती. मग त्यांनी दोघांच्या सोंगट्या उचलून पहिल्या घरात ठेवल्या.