सिंधुबाईंच्या करंजाची लाल पाने

कऱ्हाटीजवळच्या वस्तीवर चैत्राच्या भर उन्हात माणसे दाटीने उभी होती. पारावर तोंडाला फडके बांधलेले, पाणी भरलेले तांब्याचे दोन लोटे. दोन्हींत करंजाच्या कोवळ्या फांद्या खोचलेल्या. गेणबाच्या दारच्या फांदीची पाने पोपटीच राहिली होती. विधवा सिंधुबाईंच्या फांदीची मात्र शीर न् शीर लाल झाली होती.

"झाडाच्या नसांत रगत उतरलं," बाहेरगावचे महाराज डोळे मिटून म्हणाले. "सूर्यनारायण साक्षीला हाय. गेणबा, तुझ्या दोन म्हशी हिच्याच करणीनं मेल्या. अमावास्येच्या आत हिला वस्तीबाहेर काढा."

"जाऊ कुठं?" सिंधुबाई म्हणाल्या. "माजं घर हितं हाय."



हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या मेघनाताई मघापासून लोट्यांकडेच पाहत होत्या. लोटे महाराजांचे, पाणी महाराजांचे, आणि कोणाची फांदी कोणत्या लोट्यात हेही महाराजांनीच ठरवलेले.

"जुन्या फांद्या असू द्या," त्या म्हणाल्या. "शेजारी नव्या खोचू. फक्त गेणबाची फांदी सिंधुबाईंच्या लोट्यात आणि त्यांची गेणबाच्या."

"देवाची परीक्षा घेती व्हय, बाई?" महाराज गुरगुरले.

"देवाची कशाला? लोट्याची घेते."

मागे कोणीतरी हसले. गेणबाला तर खात्रीच होती. "होऊन जाऊ द्या, म्हाराज. आपल्याला कशाचं भ्याव?"

महाराज लोटे सावलीत न्यायला निघाले. "उन्हातच राहू द्या," म्हणत मेघनाताईंनी लोट्यांशेजारी पारावरच बैठक मारली.

ऊन कलले तेव्हा सिंधुबाईंची नवी पाने कोरी होती आणि गेणबाच्या पानांत लाल रेघा उमटल्या होत्या. गर्दीतला म्हस्कू हळूच म्हणाला, "म्हंजी गेणबा आबानंच सोताच्या म्हशी मारल्या?"

गेणबाशेजारची माणसे जरा दूर सरकली.

"घरातलाच दोष निघाला," महाराजांनी लगेच धागा पकडला.

"आरं, मी कशाला मारू?" गेणबा पुढे आला.

मेघनाताईंनी लाल पानांच्या लोट्याचे फडके सोडून तो उपडा केला. मातीवर मिठाईत घालतात त्या रंगाचे लालभडक पाणी पसरले.

"पानाला बारीक छिद्रं असतात. उन्हात त्यांतून पाणी वाफ होऊन जातं आणि देठातून नवं पाणी वर ओढलं जातं. पाण्यात रंग कालवला, तर तोही शिरांत चढतो. फांदी कोणाच्या दारची, हे पाण्याला कळत नाही."

महाराज गाडीकडे वळले. गेणबा आडवा उभा राहिला. "पोलिसांस्नी बोलावतो, ते येस्तोवर बसा की. सरबत देतो, तुमच्याच लोट्यातलं."

मग तो सिंधुबाईंकडे वळला. त्याने टोपी काढून हातात घेतली. सिंधुबाईंनीच विचारले, "आबा, म्हशी आजारी व्हत्या तवा जनावरांचा डाक्टर बोलावला व्हता का?"

"न्हाय. म्हाराजांस्नी बोलावलं."

कोणी केले, हे विचारण्याआधी काय घडले, हे विचारावे. संशय घ्यायचाच असेल, तर तो आधी लोट्याचा घ्यावा. लोटा तपासून होईपर्यंत माणसाचे घर कुठे पळून जात नाही.