सेकंदाला शंभर फ्रेम

बहिणीच्या नवऱ्याने जुना व्हिडिओ कॅमेरा विकत घेतला हे ऐकून मामा इतके हसले, की त्यांचा चहा बशीत सांडला. स्वतः ते बावीस वर्षं लग्नांचं शूटिंग करणारे. आणि हा मेहुणा, धंद्याने टेलर, ज्याच्या प्रत्येक फोटोत अर्धा अंगठा असतो, तो म्हणे स्लो मोशन काढणार!

भानगड भाचीच्या धावण्याची होती. शंभर मीटरच्या संघातून क्रीडाशिक्षक तिला वगळायला निघाले होते. शिट्टी वाजल्यावर ती उशिरा सुटते, असं त्यांचं म्हणणं. टेलरला ते पटत नव्हतं. "मग दाखवा मला. शनिवारी संध्याकाळी सहाला यादी जाते," एवढी सवलत सरांनी दिली होती.

"आणा ते खेळणं इकडे," म्हणत मामांनी कॅमेरा हिसकावलाच. "अहो जावईबापू, सेकंदाला पंचवीस फ्रेमवर काढून नंतर ताणलंत, तर पोरगी धावताना नाही, उचक्या लागल्यासारखी दिसेल. शंभर फ्रेम घ्यायच्या आणि पंचवीसच्या वेगाने दाखवायच्या. एका सेकंदाचे चार होतात. शटरचा वेग वाढवायचा, म्हणजे पाय पुसट फराट्यांसारखे येत नाहीत. आणि शटर वाढवलं की भरपूर ऊन लागतं. शिरलं काही डोक्यात?"

टेलरने सगळं चिठ्ठीवर लिहून घेतलं. त्याच्या त्या लिहिण्याचीही मामांना कीव आली.

शनिवारी दुपारी रणरणत्या उन्हात मैदानावर मामांनी कॅमेऱ्याचं तिकाटणं रोवलं. भाची रेषेवर होती, सर शिट्टी घेऊन बाजूला उभे होते. टेलर दोनदा घुटमळला, मग बोललाच. "दादा, या मोडमध्ये आवाज येत नाही असं पुस्तिकेत लिहिलंय. सर शिट्टी वाजवताना हात खाली घेतात. तो हात तेवढा चित्रात आला तर..."

"स्लो मोशनमध्ये आवाज कोण ऐकतं? आपण वर संगीत टाकतो! आणि ते सरांचं पोट आणि मागची कचराकुंडी मी फ्रेममध्ये घेऊ? तुम्ही आपले काजं-बटणं सांभाळा."

टेलरने पुस्तिका मिटून खिशात घातली. पुस्तिका वाचून शिकवायला निघालेल्या माणसाची अजून चांगली जिरवायला हवी होती, असं मामांना वाटून गेलं. त्यांनी कॅमेरा जरासा वळवला आणि सर, पोट, हात सगळं चित्राबाहेर काढलं.

संध्याकाळी साडेपाचला मामा क्रीडाविभागाच्या खोलीत लॅपटॉप घेऊन आले, ते जणू नवरामुलगाच. दुपारभर घरी बसून त्यांनी चित्रावर बासरीचं संगीत टाकलं होतं. पडद्यावर भाची वाकलेली. मग टाचा उचलल्या, माती हळूहळू वर उडाली, वेणी हवेत तरंगली. दारातला शिपाईसुद्धा आत डोकावला.

सरांनी तीनदा पाहिलं.

"शिट्टी कधी वाजली?"

"अं?"

"ती सुटली, ते दिसलं. शिट्टी कधी वाजली ते दाखवा."

मामांनी चित्र मागे नेलं, पुढे नेलं, परत मागे नेलं. बासरी मधूनच तुटत राहिली. चित्रात भाची होती, माती होती, निळं आकाश होतं. कपाळावरचा घाम पुसत ते म्हणाले, "पुन्हा काढू. पाच मिनिटांचं काम."

खिडकीबाहेर मैदानावर सावल्या पसरल्या होत्या. त्या उजेडात या कॅमेऱ्यात काळ्या ठिपक्यांखेरीज काही येणार नाही, हे त्या खोलीत फक्त मामांना ठाऊक होतं. तरी ते आणखी एकदा म्हणाले, "पाचच मिनिटं." सरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि यादीत दुसऱ्या मुलीचं नाव लिहून कागद शिपायाच्या हातात दिला.

भाची रडली नाही. बूट पिशवीत घालून ती दारात जाऊन उभी राहिली.

आता टेलर बोलणार, हे मामांनी ओळखलं. शिव्या दिल्या असत्या, तर मामांकडे दसपट शिव्या तयार होत्या. टेलरने लॅपटॉपची वायर नीट गुंडाळली, त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "चित्र मात्र फार सुंदर आलंय, दादा."

त्या वाक्यात टोमणा सापडतो का, हे मामांनी निकराने शोधलं. तो नव्हता. बावीस वर्षांत घरातलं कुणी त्यांच्या कामाला सुंदर म्हणालं नव्हतं. भाची दारातच उभी होती, आणि तिच्याजवळून बाहेर पडायचं धाडस काही केल्या मामांना होईना.