कोकिळेच्या दाखल्याचा हिशेब

त्या वर्षी डोणगावात अमरावतीहून एक छापील अर्ज आला. तिथल्या जनाना दवाखान्यात सुईणकामाचा दीड वर्षाचा वर्ग होता. परीक्षा दिली की सरकारी दाखला मिळणार होता. अर्ज मागवला होता कोकिळेनं. ती माझी जुनी विद्यार्थिनी, विसाव्या वर्षी नवरा गेल्यावर माहेरी परतलेली. तिचा भाऊ उत्तमराव तिला मायेनं वागवी, पण उंबऱ्याबाहेरच्या कुठल्याही गोष्टीला आधी नकारच देई.

या वेळी त्यानं नुसती अट घातली. "शीक. पण धंदा याच गावात करशीन. अन् पाटल्या मोडण्यालायक त्याच्यात काही हाये का नाही, ते मास्तर हिशेब करून सांगतीन."

मास्तर म्हणजे मी. तेव्हा नुकतीच पेन्शन झाली होती. मला माझ्या आकड्यांचा भरवसा कधीच वाटला नाही, म्हणून मी हिशेब पेन्सिलीनं करतो. तरी यात मी आठ दिवस घातले. पाटल्या एवढंच कोकिळेचं स्वतःचं होतं. त्या गेल्या आणि हाती काही लागलं नाही, तर जन्मभर भावजयीच्या चुलीपुढे बसायचं होतं तिला.

बुधवारी दुपारी मी त्यांच्या ओसरीवर कागद उघडला. उत्तमरावची बायको पंधरा दिवसांची बाळंतीण होती. गावची म्हातारी सुईण गोजरबाई पाय पसरून बसली होती आणि पायांवर पालथ्या घातलेल्या बाळाला तेल चोळत होती.

मी वाचू लागलो. खानावळीचे महिना बारा रुपये, त्यातून दवाखान्याचा पाच रुपये भत्ता वजा. अठरा महिन्यांचे एकशे सव्वीस. पांढरी लुगडी, बूट, परीक्षेची फी, मोटारभाडं मिळून चौतीस. एकूण एकशे साठ. मेहकरचा सोनार पाटल्यांचे एकशे सत्तर देत होता.

"खर्च निंघते," उत्तमराव म्हणाला. "कमाई सांगा."

पाटलाकडच्या जन्ममृत्यूच्या वहीत वर्षाला नव्वद जन्म होते. त्यांतली साठ बाळंतपणं कोकिळेकडे येतील असं मी धरलं होतं. मुलाला तीन रुपये, मुलीला दोन. "वर्षाचे दीडशे. तेरा महिन्यांत सगळा खर्च भरून निघतो."

कोकिळेनं दाराआडून बाहेर पाऊल टाकलं. तिचा चेहरा पाहून मला ती चौथी पास झाली तो दिवस आठवला.

गोजरबाई मात्र हसली. "मास्तर, शाळेत पोराइले असाच हिशेब शिकवे का तुम्ही?"

"काय चुकलं?" मी विचारलं.

"मी या गावची सून हावो. मले शेरभर जवारी भेटते, लुगडं भेटते, अन् न देल्लं तर मी दारात बसून भांडतो. हे कोकिळा गावची लेक हाये. लेकीच्या हातावर कोण पैसे ठेवते?"

"सरकारी दाखला असला तर ठेवतील," मी म्हणालो.

"असं? तुमच्या नातवाले तीन कुंच्या कोणं शिवल्या?"

"कोकिळेनं."

"शिलाई काय देल्ली?"

आम्ही तिला एक खण दिला होता आणि जेवू घातलं होतं. शिलाईचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. पैसे पुढे केले असते तर माझ्याच बायकोनं मला घरात घेतलं नसतं. साठ बाळंतपणांचे साठ खण! मी कागदावरचे दीडशे खोडले आणि तिथे शून्य मांडलं.

"मंग झालं तर," उत्तमराव उठत म्हणाला. "पाटल्या राहू दे डब्यात."

"बस न दादा," कोकिळा म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण तो बसला. "मास्तर, अर्जासोबतच्या कागदात जिल्हा कौन्सिलच्या पगारी सुईणीच्या जागा होत्या. संग्रामपूरचा पगार किती?"

"तीस रुपये."

"तिथं मी कोणाचीच लेक नाही. तिथला हिशेब करा."

मी तिथेच केला. खोली, दाणागोटा, सरपण धरून महिना अठरा. उरले बारा. चौदा महिन्यांत एकशे अडुसष्ट.

"एकटी बाई परगावी!" उत्तमराव म्हणाला. "लोक काय म्हणतीन वं तुले?"

"अडलेल्या बाईच्या घरचे लोक 'लवकर या' म्हणतेत, दुसरं काही नाही म्हणत," गोजरबाई बाळाला उताणं करत म्हणाली. "माही मावसबहीण तानुबाई हाये संग्रामपुरात. खोली तिच्याकडंच भेटते. अन् उत्तम्या, हे तुहं पोर पोटात आडवं होतं. चार घंटे मी अंदाजानं चाचपडत होतो, आता मले दिसत नाही. पुढच्या बारीले मी नसन. तवा संग्रामपुराहून या शिकलेल्या बहिणीलेच बोलावशीन."

उत्तमराव पोराजवळ वाकला. मग आत गेला आणि पाटल्यांचा डबा आणून त्यानं माझ्यापुढे ठेवला. "उद्या मेहकरले तुम्हीच चाला संगं. सोनार मले फसवते."

अर्जात एक रकाना होता, 'शिकून कोठे काम करणार?' मी तिथे पेन्सिलीनं डोणगाव लिहून ठेवलं होतं. कोकिळेनं ते रबरानं पुसलं, कोनाड्यातली दौत घेतली आणि शाईनं संग्रामपूर लिहिलं.