काळ्या वाटेच्या तोंडचा दगड

मी दगड बोलतोय. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एखाद्याला अक्कल नाही हे सांगायचं असलं की तुम्ही त्याला माझं नाव देता, हे मला ठाऊक आहे. पण मी जी माणसं पाहिली आहेत ती पाहिल्यावर मला वाटतं, माझं नाव तुम्ही उगाच बदनाम केलंत.

गावाबाहेरच्या टेकडीच्या पोटात माझा जन्म झाला. पाऊस, ऊन, मुंग्या आणि एक आळशी सरडा, एवढाच माझा गोतावळा. मग एके दिवशी टेकडीवर कुदळी वाजायला लागल्या. गावानं इथं सायकलवाटा करायचं ठरवलं होतं. डांबराच्या नव्हेत; मातीच्या, झाडांतून वळत जाणाऱ्या, चढणाऱ्या, उतरणाऱ्या. कुणीही यावं, सायकल चालवावी, पैसा पडणार नाही. पायथ्याच्या पार्किंगमध्ये पाटी लागली: हिरवी वाट नवशिक्यांची, निळी सरावलेल्यांची, काळी पटाईतांची. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सगळ्यांसाठी’.

मला ती पाटी फार आवडायची. जो तो आपल्या जोगी वाट धरील, आणि आज हिरवीवर धडपडणाऱ्याला उद्या काळीवर जायला कुणी अडवणार नाही, फक्त त्यानं शिकून यावं. माणसांच्या हातून इतकी चांगली कल्पना क्वचितच घडते. ती त्यांना पेलली नाही, ही गोष्ट वेगळी.

वाटा बांधणाऱ्या टोळीची प्रमुख एक बाई होती. सगळे तिला मुकादम म्हणायचे. तिनं मला पहारीनं उकरलं, अंगावरचा चिखल पुसला आणि चारचौघांच्या मदतीनं काळ्या वाटेच्या तोंडाशी आणून बसवलं. बरोब्बर मधोमध. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला झाड.

“मुकादम, आपण वाट करतोय की अडवतोय?” टोळीतल्या एकानं विचारलं.

“अडवतोय,” ती म्हणाली. “खाली दगडी पायऱ्या आहेत, त्यापुढं सरळ उडी आहे. ज्याला हा जमला त्याला ते जमेल. ज्याला हाच जमत नाही तो इथूनच मागं फिरेल. हातपाय धड ठेवून.”

अशी मला नोकरी लागली. पहारेकऱ्याची. माझी उंची तुमच्या गुडघ्याला लागणार नाही. पुढचं चाक उचलून माझ्या पाठीवर टेकवायचं, अंग पुढं झोकायचं, की मागचं चाक आपसूक वर येतं. ऐकायला सोपं आहे. करून बघा.

काहीजण बघायचे. पाय टेकायचे, हसायचे, “अजून नाही रे बाबा,” म्हणायचे आणि निळ्या वाटेला लागायचे. त्या माणसांसाठी मी काहीही सोसलं असतं. पण ती थोडी. बाकीच्यांनी मला माणसाच्या जातीबद्दल जे शिकवलं ते आठवलं तरी किळस येते. एकजण सायकल खांद्यावर घेऊन मला ओलांडायचा, पलीकडे पुन्हा सायकलवर बसायचा आणि तिथून पुढं हेल्मेटवरचा कॅमेरा सुरू करायचा. दुसरे झाडाच्या मुळांवरून घुसायचे. मुळांची साल निघून पार पांढरी पडली. सायकल चालवता चालवता चोखायच्या एनर्जी जेलची चिकट रिकामी पाकिटं माझ्या बुडाशी खुपसायची, कारण खिशात ठेवली तर महागडी पँट खराब होते! माझ्यापाशी उभं राहून आणखी काय काय उरकायचे, ते सांगून मी तुमचं तोंड कडू करत नाही. आणि हेच लोक खाली जाऊन “निसर्गात कसं मोकळं वाटतं” म्हणून सुस्कारे टाकायचे.

यांतलाच एक चष्मेवाला. गावात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. सायकल अशी की तिच्यापुढं मोटारी लाजाव्यात. माझ्यापाशी यायचा, इकडेतिकडे बघायचा, कुणी नाही अशी खात्री करून घ्यायचा आणि परतायचा. एकदाही त्यानं चाक उचललं नाही. प्रयत्न करून पडला असता तर मी त्याला मान दिला असता.

एका रविवारी तो धाकट्या बहिणीला घेऊन आला. ती बेकरीत केकवर नक्षी काढायची. उसनी सायकल, ढगळ हेल्मेट, हिरव्या वाटेवरून नुकतीच आलेली, गाल लाल. तिनं खाली वाकून माझ्यावर हात फिरवला.

“बापरे! दादा, तू यावरून जातोस?”

“रोज.”

“खोटं!”

“अगं, डोळे मिटून जातो.”

“मग दाखव ना.”

“आज गुडघा धरलाय. पुढच्या रविवारी. दुकानातल्या पोरांनाही बोलावतो, बघू देत सगळ्यांना.”

त्या शनिवारी संध्याकाळी तो एका मित्राला घेऊन वर आला. हातात गाडीच्या डिकीतली टॉमी, तीच, चाकाचे नट सोडवायची. दोघांनी मला रेटलं, शिव्या घातल्या, पुन्हा रेटलं आणि शेजारच्या चरात ढकलून दिलं. मी पालथा पडलो. वर माझ्या जागी माती पसरून त्यानं बुटानं थोपटली. शिकायचं नव्हतं त्याला, फक्त शिकल्यासारखं दिसायचं होतं. शी!

रविवारी सगळे आले. मी चरातून ऐकत होतो.

“दादा, दगड कुठंय?” बहिणीचा आवाज.

“काढला असेल त्यांनी. सुधारणा चालू असतात.”

“मग मलाही जमेल की. येऊ तुझ्या मागून?”

खाली काय आहे हे त्याला निदान ऐकून तरी माहीत होतं. ‘नको’ एवढा एक शब्द पुरला असता. पण दुकानातली पोरं बघत होती.

“ये की,” तो म्हणाला. “घाबरतेस काय?”

माझ्या रिकाम्या जागेवरून आधी त्याची सायकल गेली, मग तिची. पायऱ्यांपाशी त्यानं ब्रेक दाबला आणि उतरला. तिला ब्रेक कधी सोडायचा आणि कधी धरायचा हे कुणी शिकवलंच नव्हतं. आधी सायकल आपटल्याचा आवाज आला, मग तिचा. उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. त्याच हातानं ती केकवर फुलं काढायची.

पुढं वाटांची समिती पाहणी करायला वर आली. अध्यक्षांचं फर्निचरचं दुकान होतं, आणि टेकडी चढून त्यांना धाप लागली होती. मुकादम होती. चष्मेवाला होता. हात झोळीत अडकवून त्याची बहीणही चालत आली होती.

“देखभाल शून्य!” चष्मेवाला म्हणाला. “माझ्या बहिणीचं हाड मोडलं. जबाबदार कोण?”

“इथं मी दगड बसवला होता,” मुकादम म्हणाली. “तो काय फिरायला गेला?”

“मुकादम, त्या दगडाच्या तक्रारीच फार होत्या,” अध्यक्ष म्हणाले. “गेला तर बरंच झालं.”

“दादा,” बहीण म्हणाली, “आदल्याच रविवारी तो इथं होता. मी हात लावून बघितला. तू म्हणालास, रोज यावरून जातोस. काय झालं त्याचं?”

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. आता तरी बोलेल असं मला वाटलं. मी दगड, म्हणून मला असं वाटतं.

त्यानं आवाज खाली आणला, आजारी माणसाबद्दल बोलताना आणतात तसा. “पडल्यापासून जरा गोंधळते ती. डोक्याला मार बसलाय.”

“माझा खांदा मोडलाय,” ती म्हणाली. “डोकं शाबूत आहे.”

कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी तिच्या पाठीवर थोपटलं, “आराम कर हं बाळ,” म्हणाले, आणि विषय संपला. इतकी वर्षं मी लोकांच्या चपला, चाकं, थुंकी सगळं अंगावर घेतलं, पण असा तिटकारा मला कधी आला नव्हता.

ठरलं ते असं: काळ्या वाटेचं तोंड मोकळंच ठेवायचं, पायऱ्यांवर आणि पुढच्या उडीवर माती टाकून उतार करायचा, आणि लोकांना अडवणारं काही बसवायचं नाही. वाट ‘सगळ्यांसाठी’ आहे ना! म्हणजे पटाईतांनी घाम गाळून शिकावं असं टेकडीवर काही उरलंच नाही. आणि मला चरातून काढून पार्किंगमध्ये शोभेला ठेवायचं.

मुकादमनं मला हातगाडीवरून खाली आणलं. बसवताना मात्र अर्धा पुरला, वरती होतो तेवढीच उंची बाहेर ठेवली आणि चाक जिथं टेकायचं ती बाजू मोकळ्या जागेकडं केली. मग रंगारी आला आणि त्यानं माझ्या कपाळावर लिहिलं, ‘स्वागत आहे’. मी पहारेकरी होतो हो! आता लोक माझ्यावर कॉफीचे कप ठेवतात, च्युइंगम चिकटवतात, आणि बंपर घासला की मलाच लाथ घालतात.

इथं कुढत पडलो असतो. पण खांदा जुळल्यावर ती परत आली. सकाळभर हिरवी वाट केली, मग पार्किंगमध्ये येऊन माझ्यासमोर सायकल उभी केली. दुरून वेग घेतला, चाक उचललं, ते माझ्या नाकाडावर आदळलं आणि ती आडवी झाली. उठली. पुन्हा. लोक हातातले कप विसरून बघत होते. तेव्हापासून ती येतेच आहे.

परवा चष्मेवाल्यानं गाडीची काच खाली केली.

“अगं, पुरे! सगळे हसतायत. वर वाट मोकळी आहे आता, चल तिकडं. या दगडाशी लग्न लावलंयस का?”

ती घामाघूम होती. कोपर सोललं होतं. तिनं सायकलचं हँडल त्याच्याकडं केलं.

“तू रोज जायचास ना यावरून? ये. दाखव.”

त्यानं फोनकडं बघितलं. काच वर केली. गाडी तिथंच उभी होती, आत तोही होता, पण बाहेर आला नाही.

तिनं पुन्हा वेग घेतला. या वेळी पुढचं चाक माझ्या पाठीवर बसलं, अलगद, आणि ते वजन मी लगेच ओळखलं. ज्यांना जमायचं त्यांचं असंच असायचं. मागचं चाक मात्र माझ्या कडेला लागून अडकलं. वेग कमी पडला. पडायच्या आधी तिनं पाय टेकला आणि मोठ्यानं हसली.

तुम्ही या टेकडीवर आलात तर मला हार घालू नका आणि माझ्यासोबत फोटोही काढू नका. फक्त तुमची गाडी माझ्यापासून थोडी मागं लावा. तिला वेग घ्यायला जागा लागते.