शेवटच्या तुकड्याची बादली

मी बादली बोलतेय. नाक मुरडू नका, मी न्हाणीघरातली नव्हे! अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, एका कारखान्यात पांढऱ्या प्लास्टिकची, घट्ट झाकणाची, तारेच्या कडीची अशी मी घडले आणि पोटात पहिल्यांदा पडलं ते व्हॅनिला आइस्क्रीम. इतका गोड जन्म किती जणांच्या वाट्याला येतो?

आइस्क्रीम आठवड्यात संपलं. पण आमच्याकडे आइस्क्रीमची बादली कुणी टाकत नाही. मला विकत आणणाऱ्या आर्लिसबाईंनी मला धुतलं, पुसलं आणि कामाला लावलं. रानातल्या ब्लूबेरी, बटाट्याचं सॅलड, चर्चच्या तळघरातल्या जेवणावळींत उरलेलं काहीबाही, सगळं मी वाहिलं. त्या जेवणावळींतच मला इथल्या माणसांच्या दोन खोडी कळल्या. कुणी ‘घ्या’ म्हटलं की दोनदा ‘नको’ म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं. शिवाय ताटातला शेवटचा तुकडा अख्खा उचलायचा नाही, त्यातला अर्धा कापून घ्यायचा. पुढचा माणूस उरलेल्या अर्ध्यातला अर्धा घेतो. शेवटी नखाएवढा केक ताटात राहतो आणि सगळे त्याच्याकडे बघत कॉफी पितात.

आर्लिसबाईंची मुलगी कोरिन नर्सिंग शिकायला शहरातल्या विद्यापीठात निघाली, तेव्हा मी तिच्या मांडीवर बसून गेले. पोटात वड्या होत्या, शेंगदाण्याच्या लोण्याच्या, वर चॉकलेटचा थर. विद्यापीठाच्या खानावळीचं सगळ्यात कमी जेवणांचं, स्वस्तातलं कार्ड घेताना कोरिन आईला म्हणाली होती, “मला एवढं पुरतं गं.”

नाही पुरलं. परीक्षेला तीन आठवडे उरले असताना कार्ड संपलं. वड्या तर त्याआधीच फस्त झाल्या होत्या आणि माझ्यात आता तिचे मोजे होते.

रोज आईचा फोन यायचा.

“जेवलीस?”

“हो.”

“नक्की?”

“हो गं आई.”

आर्लिसबाई तिसऱ्यांदा विचारतील म्हणून कोरिन घाईघाईने फोन ठेवायची. मग शरीरातल्या हाडांची नावं पाठ करायला बसायची. दहा हाडांच्या पुढे तिचं डोकं चालेना. एका सकाळी तिने पलंगाखालून बॅग ओढली आणि कपडे भरायला लागली. माझ्यातले मोजेसुद्धा काढले. मला फार वाईट वाटलं. इतकी हुशार पोर, आणि निव्वळ भुकेपायी माघारी चालली होती.

खोलीतली तिची सोबतीण येर दारातच थबकली. ती लाओसमधून येऊन इथे वसलेल्या ह्मोंग लोकांतली, जवळच्याच सेंट पॉल शहरातली.

“कुठे निघालीस?”

“घरी. नाही जमत मला.”

“कालपासून काय खाल्लंस?”

“बिस्किटं.”

“आणि मला सांगायला तोंड नव्हतं?” येर भडकली. “अगं, आमच्या घरी ‘जेवणार का’ असं विचारतसुद्धा नाहीत, सरळ ताट वाढतात! आणि दुपारी बाराला इथे किती व्याख्यानं असतात माहितेय? ती ऐकायला कुणी येत नाही, म्हणून जेवण ठेवतात. तुझ्यासारख्यांसाठीच ठेवतात, बावळट! उचल ती बादली.”

भूगर्भशास्त्र विभागात तळ्याच्या तळच्या गाळावर व्याख्यान होतं. ऐकायला अकरा माणसं आणि टेबलावर चाळीसेक माणसांची सँडविचं, शेजारी वड्यांचं ताट. मी कोरिनच्या कोटाखाली लपले होते. विभागाचं कार्यालय सांभाळणाऱ्या रोझेलबाई जवळ आल्या.

“घे ना बाळा सँडविच.”

“नको, नको. पोट भरलंय.”

“अगं घे गं.”

“नको, खरंच.”

“बरं,” म्हणून रोझेलबाई पुढे गेल्या. त्या टेक्सासच्या. तिसऱ्यांदा विचारायचं असतं, हे त्यांना बापजन्मी कुणी शिकवलं नव्हतं. कोरिनचं तोंड एवढंसं झालं. येरने कपाळावर हात मारला.

व्याख्यान संपलं. प्राध्यापकांनी वड्यांच्या ताटातला शेवटचा तुकडा रिवाजाप्रमाणे अर्धा, पाव, अर्धपाव केला आणि ते पांगले. रोझेलबाईंनी सँडविचचा मोठा ट्रे उचलला आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं.

“थांबा!”

कोरिन ओरडली होती. तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. ती लालबुंद झाली, पण तिने मला कोटाखालून बाहेर काढलं.

“मी... मी टेबलं पुसते. भांडी आवरते. आमच्या चर्चमध्ये जो आवरतो, तो उरलेलं नेतो. माझ्याकडे बादली आहे.”

रोझेलबाईंनी ट्रे खाली ठेवला.

“भूक लागलीय का तुला?”

एकदाच विचारलं त्यांनी.

“हो,” कोरिन म्हणाली. “खूप.”

त्या दिवशी मी काठोकाठ भरले. आइस्क्रीमनेही मला इतकं भारी वाटलं नव्हतं.

त्यानंतर आमचा दिग्विजय सुरू झाला! सोमवारी गणितवाल्यांकडचा पिझ्झा, बुधवारी ग्रंथालयातलं सूप, शुक्रवारी संगीत विभागातला केक. रोझेलबाईंनी सगळ्या कार्यालयांत सांगून ठेवलं, त्यामुळे “बादली आली का?” असं विचारल्याशिवाय कुणी ट्रे उचलेना. कोरिन टेबलं पुसायची, येर खुर्च्या लावायची आणि वसतिगृहाचा आमचा अख्खा मजला जेवायचा. बॅग पलंगाखाली गेली. हाडं सगळी पाठ झाली.

शेवटच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी फोनवर दोनदा “हो” म्हणून झालं, तरी कोरिनने फोन ठेवला नाही. आर्लिसबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, “कोरिन, खरं सांग.”

“आता जेवतेय, आई. मध्ये नव्हते जेवत.”

दुसऱ्या दिवशी आर्लिसबाई चार तास बर्फातून गाडी चालवत आल्या, शेजारच्या सीटवर माझ्या धाकट्या बहिणीला, म्हणजे आइस्क्रीमच्याच दुसऱ्या बादलीला, बसवून. पोटात वड्याच वड्या! त्याच दिवशी परीक्षा संपल्यावर भूगर्भशास्त्रवाल्यांची मेजवानी होती, तिथे त्या वड्या मांडल्या. बघता बघता एकच उरली. भोवती सात प्राध्यापक, मध्ये सुरी आणि कुणी पुढे होईना.

कोरिनने हात घातला आणि वडी अख्खी उचलली.

“कोरिन!” आर्लिसबाई हादरल्या. “शेवटची आहे ती!”

“म्हणूनच घेतली, आई.”

तिने पहिला घास घेतला आणि येरने टाळ्या वाजवल्या. आर्लिसबाई आधी ओशाळल्या, मग डोळे पुसत इतक्या हसल्या की त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

आता कोरिन नर्स झाली आहे. ती रोग्यांना “जेवलात का?” असं तीनदा विचारते म्हणे. मी मात्र इथेच राहिले, भूगर्भशास्त्र विभागाच्या फ्रिजवर. कडी एकदा तुटली, दोरीची नवी आली. झाकणावर रोझेलबाईंच्या अक्षरात चिठ्ठी आहे: ‘उरलेलं. न विचारता घ्या.’

कधी इकडे आलात, तर झाकण उघडा. तळाशी एखादा तुकडा असेलच. सुरी शोधू नका. अख्खा घ्या.